कच्च्या रस्त्यावरची रोजी

धंद्याच्या पानावर सायकलींचा विषय कशाला, असे आमच्या काही व्यापारी बांधवांना वाटेल. पण गिऱ्हाईक ज्या वाटेने येते त्या वाटेकडे व्यापाऱ्याने लक्ष ठेवलेच पाहिजे. थंडी सुरू झाली की रविवारी पहाटे बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्याच्या बाजूने मुंबई-ठाण्याकडचे सायकलस्वार जाताना दिसतात. त्यांना डांबरी हमरस्ता नको असतो. उल्हास नदी ओलांडायची, मुळगावकडून बारवी धरणाच्या जंगलात शिरायचे आणि पुढे मुरबाडच्या अंगाला निघायचे. नाहीतर पूर्वेला भोज, कोंडेश्वरकडे वळून डोंगराच्या पायथ्याच्या कच्च्या वाटा धरायच्या, असा त्यांचा बेत असतो. या प्रकाराला ते ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर खडीच्या आणि मुरुमाच्या वाटेवरची सायकल.

ही सायकल काही जादूची नाही. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे, आणि टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद, म्हणजे खडीवर घसरू नये इतके जाड. आता गंमत पाहा. आपल्या दूधवाल्याची, पाववाल्याची जी काळी सायकल असे, तिचा २८ बाय दीडचा टायरही एवढाच रुंद होता. आपल्या लोकांनी अशाच टायरवर पोती, कापडाचे गठ्ठे आणि दुधाचे कॅन वाहिले. तीच जाडी आज पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या सायकलवर बसून आली आहे. मग ज्या हातांनी ती जुनी सायकल सांभाळली, ते हात या नव्या धंद्यात कुठे आहेत, हा आमचा सवाल आहे.

या मुलखात वाट आणि व्यापार यांचे नाते जुने आहे. घोडे बदलण्याचा मुक्काम म्हणून बदलापूर हे नाव पडले असे जुने लोक सांगतात. नाणेघाटातून जुन्नर-पैठणचा माल दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. तेव्हा डांबर नव्हते, तरी तिजारत चालली. अलीकडचे उदाहरण घ्या. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. ती अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी बांधली आणि पैसा त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी घातला. सर आदमजी हे लष्कराला तंबू पुरवून मोठे झालेले व्यापारी. डोंगरावर हवा खायला जाणारा माणूस हेसुद्धा गिऱ्हाईक आहे, हे कापडाच्या धंद्यातून आलेल्या त्या घराण्याला शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

परदेशात काय झाले तेही पाहू. इटलीत टस्कनी प्रांतातल्या गायोले या छोट्या गावी १९९७ साली ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. तिथल्या पांढऱ्या मातीच्या जुन्या रस्त्यांवर डांबर पडू नये, हा तिचा एक हेतू होता. पहिल्या वर्षी शंभरही लोक नव्हते, आज जगभरातून हजारो येतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ साली मोजक्या मंडळींनी खडीच्या रस्त्यावर २०० मैलांची शर्यत सुरू केली. तिच्या दिवसांत आता गावातली हॉटेले भरतात. दोन्ही ठिकाणी रस्ता गावात आधीपासून होताच. गावकऱ्यांनी तो जपला आणि येणाऱ्यांची सोय केली, एवढेच.

आता आपल्या लोकांचे काम काय, ते बोलू.

पहिले काम दुरुस्तीचे. ‘पंक्चर काढणारा’ हा शब्द आमच्या लोकांना टोमणा म्हणून ऐकवला जातो. हात काळे करून मिळवलेली हलाल रोजी ही शरमेची गोष्ट नाही. पण काम बदलले आणि आपण जुन्यावरच बसलो, तर ते मात्र नुकसानीचे आहे. या सायकलींच्या चाकात बहुधा ट्यूब नसतेच. टायरच्या आत पातळ रबरी चीक ओततात. बारीक छिद्र पडले की तो चीक तिथेच गोठून हवा धरतो, आणि छिद्र मोठे असेल तर रबराची वात ठोसून बुजवावे लागते. पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहण्याचे हे काम राहिलेले नाही. डिस्क ब्रेकमधले तेल बदलणे, गिअरची तार जुळवणे, चाकाचा आऊट काढणे हे सगळे शिकता येते. ज्याने मोटारसायकलचे डिस्क ब्रेक उघडले आहेत, त्याला यात अवघड काही नाही. मात्र हत्यारे नीट लागतात आणि दर लिहून ठेवावे लागतात. गाडी महाग दिसली म्हणून दाम चौपट, हा प्रकार केला तर गिऱ्हाईक एकदाच येते.

दुसरे काम शिलाईचे, आणि कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली असल्यामुळे यावर आम्ही जास्त भरवशाने बोलतो. या सायकलस्वारांना तीन तऱ्हेच्या पिशव्या लागतात: एक हँडलला, एक सीटखाली आणि एक दांड्यांच्या मधल्या त्रिकोणात. जाड नायलॉनचे पाणीरोधक कापड, मजबूत चेन, पट्टी, बक्कल आणि जाड थर ओढणारी शिलाई मशीन, एवढाच सगळा खटाटोप. मदनपुरा आणि धारावीत बॅगा शिवणारे आपले कारागीर याहून कठीण माल रोज काढतात. भिवंडीत माग आहेत, उल्हासनगरात जीन्स शिवणारे हात आहेत. तरी हा माल बहुतेक बाहेरून येतो आणि मोठ्या दुकानात चढ्या भावाने विकला जातो. आमच्या माहितीचा कोणताही हुशार बॅगवाला एक पिशवी उसवून पाहील, तर आठवड्यात तिचा नमुना काढील. फक्त शिवण ओलाव्यात टिकली पाहिजे आणि दगडधोंड्यावर हादरे बसून पट्टी सुटता कामा नये. इथे सस्ता माल चालणार नाही.

तिसरे काम खाण्यापिण्याचे. पहाटे निघालेल्या माणसाला सकाळी चहा, अंडी, पाव, केळी आणि प्यायचे स्वच्छ पाणी हवे असते. सायकल नजरेसमोर उभी करायला जागा आणि बायकांसाठी साफ शौचालय असले, तर तो दर वेळी तिथेच थांबतो. जंगलाकडच्या पाड्यांतले ठाकर, कातकरी बांधव वाट दाखवण्यात तरबेज आहेत. त्यांना बाजूला सारून नव्हे, तर त्यांना वाटा देऊन हे काम करावे. त्यातच बरकत आहे.

काही बांधव म्हणतील, हा श्रीमंतांचा शौक आहे, यावर किती चुली पेटणार? त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. एवढ्यावर कोणी दुकान उघडून बसावे असे आम्ही सांगत नाही. चालू धंद्याच्या जोडीला हे काम असावे. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजारावर उतारूंना बाहेर काढावे लागले होते. कोंडेश्वरच्या डोहात जीव गेले आहेत. तेव्हा पावसाळ्यात हा धंदा थंड राहणार, आणि तो थंड राहिलेलाच बरा. त्या चार महिन्यांत पिशव्या शिवाव्यात आणि हत्यारांचा सराव करावा. पाणी चढले असता गिऱ्हाइकाला पुढे जाऊ नको असे सांगणारा दुकानदारच विश्वासाचा ठरतो.

पण खरी भीती वेगळीच आहे. या वाटा राहतील का? माथेरानच्या डोंगराखालून वडोदरा-मुंबई महामार्गाचा बोगदा निघाला आहे. शेतांचे प्लॉट पडत आहेत, बंगल्यांची कुंपणे जुन्या पायवाटांवर चढत आहेत. वालधुनीचे आमच्या शहरांनी काय केले ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि उल्हासही त्याच वाटेवर आहे. नदीला वास येऊ लागला तर तिच्या काठाने सायकल कोण चालवील? आपल्या कारखानदारांनी रंगाचे पाणी नाल्यात सोडताना हा हिशेबही करावा. विकासाला आमचा विरोध नाही. जिथे गावाला दवाखान्यासाठी, शाळेसाठी पक्का रस्ता हवा, तिथे तो झालाच पाहिजे. परंतु जंगलातली प्रत्येक वाट सिमेंटची झाली म्हणजे प्रगती झाली, असे नव्हे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या दुरुस्तीवाल्यांनी, शिलाईवाल्यांनी आणि हॉटेलवाल्यांनी एकदा एकत्र बसावे. प्रत्येक धंद्यातला एक तरुण निवडून त्याला नवे काम शिकायला पाठवावे आणि खर्च सगळ्यांनी उचलावा. दरपत्रक एकच ठेवावे. जुन्या वाटांची यादी करून, त्या वहिवाटीच्या आहेत आणि खुल्या राहाव्यात, असा अर्ज सर्वांच्या सह्यांनी ग्रामपंचायतीत, तहसील कचेरीत आणि वन खात्यात द्यावा. येत्या थंडीच्या आत एवढे झाले, तर रविवारचे गिऱ्हाईक आपल्या दारावरून नुसते निघून जाणार नाही.