आधी विषाणू, मग पेशी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था हेरण्यासाठी एचपीव्ही या विषाणूची चाचणीच पहिली हवी, पेशींतील बदल हेरणारी जैवसूचक चाचणी दुसरी. या विषाणूवरील लसीच्या चर्चेत हा क्रम हरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाच एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील अभ्यासाने 2009 मध्येच दाखवले.

एचपीव्हीचे बहुतेक संसर्ग आपोआप नाहीसे होतात, मग बाधित प्रत्येकीला पुढील तपासण्यांत का अडकवायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर चाचणी टाळण्यात नाही. जैवसूचक चाचणीत पी16 आणि केआय-67 ही प्रथिने एकाच पेशीत आढळली, तर पूर्वावस्थेची शक्यता वाढते. अशा स्त्रियांनाच आधी पुढील तपासणीला पाठवता येते. मात्र त्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळा लागते. सरकारने गर्भाशयमुखाच्या नुसत्या डोळ्यांनी होणाऱ्या तपासणीवर विसंबणे सोडून एचपीव्ही चाचणी गावपातळीवर, तर जैवसूचक चाचणी जिल्हा रुग्णालयात मोफत द्यावी.