आवर्तनासाठी भांडतो, तसं गोळ्यांसाठीही भांडू

प्रवरेच्या कालव्याचं आवर्तन लांबलं, की श्रीरामपूर तालुक्यात निवेदनं निघतात, रास्ता रोको होतो, अधिकाऱ्यांना जाब विचारला जातो. पण शेजारच्या माणसाची बीपीची गोळी दोन महिने बंद आहे, याबद्दल गावात कुणी अवाक्षर काढत नाही. मग एका पहाटे त्याला लकवा मारतो आणि सगळी भावकी गाडी काढून लोणीच्या नाहीतर नगरच्या दवाखान्यात धावते. उपचारासाठी जमीन गहाण पडते.

ही वेळ टाळणारी सरकारी आरोग्य व्यवस्था आपल्या गावात आहे. तिला जपायचं आहे, म्हणून हे आवाहन.

आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०२३ मध्ये सांगितलं की देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि दर तीन प्रौढांमागे एकाहून अधिक जणांना उच्च रक्तदाब. हे दोन्ही आजार बहुतेकदा गुपचूप काम करतात. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि आतून मूत्रपिंड, हृदय, डोळ्यांचा पडदा झिजत राहतो. शुगर वाढलेल्या माणसाच्या पायाला शेतात काटा रुततो आणि त्याला कळतही नाही. “एकदा गोळी लागली की जन्माची” म्हणून लोक गोळी घ्यायला घाबरतात. पण जन्माचा असतो तो आजार. गोळी त्याला आवरून धरते.

उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासण्याची सोय आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, समुदाय आरोग्य अधिकारी नोंद ठेवतात, औषध मिळतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले उपचार मोफत आहेत.

अशी व्यवस्था नीट चालू शकते, याचे दाखले आपल्या राज्यातच आहेत. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा देशव्यापी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. ठरलेली मोजकी औषधं, घराजवळ मिळणारी गोळी आणि न आलेल्या रुग्णाची विचारपूस, एवढ्यावर तो उभा राहिला. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली. आणि आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या अल्पशिक्षित बायांच्या हाती आरोग्याचं काम सोपवून ते करून दाखवलं.

पण लक्ष दिलं नाही तर ही व्यवस्था मोडतेही. उपकेंद्र एका दिवसात बंद पडत नाही. आधी साठा संपतो, मग पद रिकामं राहतं, मग लोक येईनासे होतात. शेवटी कागदावर रुग्णच नाहीत, म्हणून औषधाची मागणीही घटते. हे चक्र आपणच तोडायला हवं.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या महिन्यात बीपी आणि शुगर तपासून घ्यावी. गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. मिसरी आणि तंबाखू थांबवावी, लोणचं-पापड कमी करावा. घरातल्या लेकी-सुनांनी आई-सासू-आजीचं तपासणीचं कार्ड पाहावं, कारण बायका स्वतःचं दुखणं शेवटी सांगतात. कारखान्यांनी गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांवर तपासणी ठेवावी. गाव सोडताना त्या माणसांची गोळीही मागे राहते.

आणि सरपंचांनो, उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचं अध्यक्षपद तुमच्याकडे आहे. समितीची बैठक बोलवा. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा साठा किती, नोंदलेले रुग्ण किती, त्यातले या महिन्यात आले किती, हे तीन आकडे फलकावर लिहा. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. साठा कमी असेल तर ठराव करा, तो तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नका. गावाने विचारत राहायचं ठरवलं, तर गोळ्यांची पेटी रिकामी राहणार नाही.