फोटोच्या मागची बाजू

आपण इंजिनिअरिंगवाले. कुठलीही गोष्ट स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवली की आपल्या मते ती सुरक्षित! घरातल्या जुन्या फोटोंचंही तेच. दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरची ट्रंक खाली काढायची, मोबाईलने सटासट फोटो घ्यायचे, घरच्या ग्रुपवर टाकायचे. काका-मामा 'वा वा' करतात, की संपलं. मित्रांनो, माझं म्हणणं असं की यात खरं काम झालेलंच नसतं. कागद वाचतो, पण त्यातला माणूस कोण, हे सांगू शकणारं घरात बहुतेक एकच माणूस उरलेलं असतं आणि त्याने ऐंशी ओलांडलेली असते.

आता त्या माणसाला विचारायचं कसं? "आजी, हा फोटो कोणत्या सालचा?" असं विचारलंत तर उत्तर मिळत नाही. ओरलला एक्स्टर्नलसमोर आपलं होतं तेच आजीचं होतं. सन विचारू नका, सिनेमा विचारा.

माझाच अनुभव सांगतो. आमच्या ट्रंकेत एका मुलीचा स्टुडिओतला फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, हातात पुस्तक, कपाळावर कापलेल्या केसांची झालर. बाबांना ती कोण ते माहीत नव्हतं. आजीने चष्मा वर-खाली करून "असेल वाड्यातली कुणीतरी" म्हणून बाजूला ठेवला. एका रविवारी मोबाईलवर साधनाचं जुनं गाणं लावलं होतं. आजी एकदम म्हणाली, "अरे, तो फोटो आण बघू. अशीच बट कापली होती आमच्या धाकट्या वन्संनी! घरातल्या कात्रीने. मामंजी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते."

मग सगळंच बाहेर आलं. 'लव्ह इन सिमला' १९६० चा. त्या सिनेमापासून 'साधना कट' घरोघर पोहोचला. तेव्हा फोटो त्यानंतरचा. मामंजींचा राग निवळल्यावर त्यांनीच लेकीला स्टुडिओत नेलं, कारण स्थळं पाहायची होती. लग्न झालं आणि दीड वर्षात पहिल्या बाळंतपणात त्या गेल्या. बाबांचा जन्म १९६४ चा. आपल्याला अशी एक आत्या होती, हे त्यांना साठीनंतर कळलं. ते काही बोलले नाहीत, फक्त फोटो बराच वेळ हातात धरून बसले. आत्याचं नाव इथे लिहीत नाही, ते फोटोच्या मागे लिहिलंय.

कुणी म्हणेल, सिनेमावरून कसला आलाय घराण्याचा इतिहास! म्हणणाऱ्याने निदान नाशिकमध्ये राहून तरी हे म्हणू नये. दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला पांडवलेण्याच्या पायथ्याचं स्मारक आठवतं, तिथली सहल आठवते. पण फाळक्यांचे सिनेमे हा एका अर्थी त्यांच्या घरचाच अल्बम आहे. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) रोहिदास झाला त्यांचा मुलगा भालचंद्र. पडद्यामागे सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासून सगळ्या मंडळींच्या जेवणापर्यंत राबत होत्या. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण झाली मुलगी मंदाकिनी. त्याच्या सुरुवातीला ती कृष्ण म्हणून येतच नाही. आधी साधी मंदाकिनी येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मग तिचा कृष्ण होतो. बापाने लेकीचा काढलेला हा फोटोच की! फाळक्यांचे बहुतेक सिनेमे नष्ट झाले, हा मात्र बराचसा उरला. आणि पडद्यावरची मुलगी कोण हे आपण आज सांगू शकतो, कारण कुणीतरी ते वेळेवर विचारून लिहून ठेवलं.

टीव्हीचंही तसंच. आमच्याकडे एक फोटो आहे, त्यात टीव्हीला चक्क हार घातलाय आणि पुढे उदबत्ती! म्हणजे 'रामायण'चा रविवार, जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ च्या मधला. गंमत म्हणजे हा रंगीत फोटो पार गुलाबी पडलाय आणि आजीच्या लग्नाचा कृष्णधवल फोटो अजून ठणठणीत आहे. कारण सोपं आहे. कृष्णधवल फोटोत चांदीचे कण असतात, रंगीत फोटोत रंगद्रव्यं, आणि ती एकसारखी उडत नाहीत. तेव्हा स्कॅन करायचेच असतील तर आधी ऐंशीच्या दशकातले घ्या. चिकट पानांच्या अल्बममधून ओढून काढू नका, फाटतात. नाव लिहायला मऊ पेन्सिल घ्या, बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो. असो, हे प्रॅक्टिकल झालं.

मला राग येतो तो "फुरसत मिळाली की विचारू" या वाक्याचा. सबमिशनला मुदतवाढ मिळते, इथे मिळत नाही.

आमचे अजून अकरा चेहरे बाकी आहेत. त्यातले दोन दुतोंड्या मारुतीपुढे उभे आहेत, १९६९ च्या पुरानंतर. आजी म्हणते ते तिच्या माहेरचे. सिन्नरला तिचे धाकटे भाऊ आहेत, त्यांना ओळखता येतील. येत्या रविवारी आम्ही दोघं जातोय. मोबाईलमध्ये १९६९ ची गाणी भरून घेतली आहेत.