भूप की देशकार?

मैत्रिणींनो, शनिवारी रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, आणि टीव्ही लावायचा कुणालाच उत्साह नाही, अशा वेळी तुमच्याकडे काय करतात? पत्ते काढतात? आमच्याकडे गाण्याची कोडी घालतात. भेंड्या नव्हेत हं, शास्त्रीय संगीताची कोडी. लगेच नाक मुरडू नका! आमच्यातल्या निम्म्या मंडळींना सा कुठे लागतो तेही सांगता यायचं नाही, पण भांडायला सगळे पुढे.

मंडळी म्हणजे आम्ही दोघं, आमचा आठ वर्षांचा चिरंजीव, माडीवर राहणारे थोरले दीर आणि जाऊबाई, शेजारच्या काकू आणि बँकेतून निवृत्त झालेले काका. कोडी घालायचं काम माझ्याकडे. अर्ध्या वेळेची का होईना, मास्तरीण आहे ना मी! प्रश्न काढायचे, गुण द्यायचे, ही खोड शाळेतून घरी येते.

खेळ अगदी सोपा. मोबाईल सगळ्यांनी टेबलावर उलटे ठेवायचे, म्हणजे चोरून उत्तर बघणं नाही. आधी माहितीची कोडी. ‘एकाच आईबापांची तीन मुलं, तिघंही नावाजलेले गायक, पण आडनावं तीन. कोण?’ ह्यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. उत्तर : सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. दुसरं कोडं गंधर्वांचं. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, हे कुणीही सांगतं. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हेही येतं. कुमार गंधर्वांचं शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे नाव सांगताना जिभेची जरा कसरत होते. छोटा गंधर्वांपाशी मात्र सगळे अडतात. त्यांचं नाव सौदागर नागनाथ गोरे. काका प्रत्येक उत्तरानंतर म्हणतात, “माहीत होतं हो, ओठांवर येत नव्हतं.” ओठांवर न आलेल्या उत्तराला शून्य गुण, असा मी नियमच केला.

एकदा किराणा घराण्याचा विषय निघाला, तर चिरंजीव विचारतात, “आई, त्यांचं दुकान होतं?” हसून हसून पुरेवाट झाली. मग त्याला सांगितलं, उत्तर प्रदेशात कैराना म्हणून गाव आहे, त्यावरून हे नाव आलं. साखर-डाळीचा संबंध नाही.

आणि मला सगळ्यांत आवडणारं कोडं सांगू? ‘गोव्याची कोणती बाई गात गात सूर्यमालेच्या पार निघाली आहे?’ केरी गावच्या केसरबाई केरकर! अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर जगभरच्या संगीतात भारतातलं एकच गाणं आहे, केसरबाईंची भैरवी. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. काकूंनी हे ऐकून हातातली सुपारी खाली ठेवली.

आता मूळ गोष्ट सांगते, जी सांगायला मला थोडं जड जातं.

माहितीच्या कोड्यांनंतर कानाचं कोडं. मामंजींनी रेडिओवरून भरून ठेवलेल्या पुष्कळ जुन्या कॅसेटी आमच्याकडे आहेत, आणि टेपरेकॉर्डरही अजून चालतो. दोन मिनिटं आलाप ऐकवायचा, टेप बंद करायचा, राग ओळखायचा. त्या रात्री मी एक कॅसेट लावली. वर मामंजींच्या अक्षरात ‘भूप’. ह्यांनी ‘भूप’ म्हटलं, काकांनी ‘भूप’ म्हटलं. जाऊबाई सहसा बोलत नाहीत. सातवीतून शाळा सुटली, ही गोष्ट त्यांच्या मनात कुठेतरी आहे. त्या दाराशी टेकून ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, “मला देशकार वाटतो.”

आणि मी, मास्तरीण, काय बोलले? “अहो वहिनी, रात्री नऊ वाजता कुठला देशकार? तो सकाळी असतो. डबा भरायच्या वेळी ऐका!” सगळे हसले. त्याही हसल्या, आणि चहा टाकते म्हणून आत गेल्या. पुढचे तीन शनिवार त्या खाली आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. बोलावलं की म्हणायच्या, “तुमचं चालू द्या, मला काही कळत नाही त्यातलं.” दिरांनीही आग्रह केला नाही. मला आतून खटकत होतं, पण गंमतच तर केली होती, असं मनाशी म्हणत राहिले.

चौथ्या आठवड्यात कपडे घड्या करताना तीच कॅसेट लावली. एकटीच होते, म्हणून शेवटपर्यंत चालू राहिली. गाणं संपलं आणि निवेदिकेचा आवाज आला : आपण ऐकत होता राग देशकार. मामंजींनी जुन्या भूपावरून नवं काहीतरी भरलं होतं, वरचं नाव बदलायचं राहिलं होतं. आणि कॅसेट सकाळची की रात्रीची, हे ती लावायच्या वेळेवरून थोडंच ठरतं? एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

दोन्ही रागांचे सूर पाचच आणि तेच : सा रे ग प ध. पण रवा, तूप, साखर तीच असून शिरा वेगळा आणि लाडू वेगळा, तसं आहे हे. भूप गंधारावर विसावतो, त्याची वस्ती खालच्या मजल्यावर. देशकार धैवताला धरून असतो आणि वरच्या सुरांत रमतो. म्हणजे माडीवरचा!

शनिवारी सगळ्यांसमोर मी ती कॅसेट शेवटपर्यंत लावली. जाऊबाईंना आतून हाताला धरून आणलं होतं. निवेदिकेचं वाक्य झालं, तशी मी म्हटलं, “वहिनी, चूक माझी. उत्तरही चुकलं आणि बोलणंही.” क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग काका म्हणाले, “मला तेव्हाच शंका आली होती!” आणि घर हसण्याने भरलं.

“तुम्हाला कसं कळलं पण?” मी विचारलं. जाऊबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “आजोबा भजनात पेटी वाजवायचे. सकाळी मला शेजारी बसवून वाजवायचे, नाव सांगायचे. शाळा सुटली, पण ते नाही सुटलं.” लग्न होऊन अठरा वर्षं झाली, दिरांनासुद्धा हे माहीत नव्हतं. ते बायकोकडे नुसते बघत राहिले.

“गुण किती देणार मग?” ह्यांनी विचारलं.

“गुण नकोत,” जाऊबाई म्हणाल्या, “मागच्या तीन शनिवारच्या कपबश्या तुम्ही विसळा.”

आता कानाचं कोडं त्याच घालतात, आणि कॅसेट लागत नाही, त्या स्वतः गुणगुणतात. आवाज थोडा बसका आहे, पण सूर जागच्या जागी. गेल्या शनिवारी त्यांनी अवघड डाव टाकला : मारवा, पूरिया आणि सोहनी. तिघांचे सूर तेच, पंचम तिघांत नाही. त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली, आणि ह्यांनी मांडीवर थाप मारून छातीठोकपणे सांगितलं, “मारवा!”

होता पूरिया. काका हसायला तोंड उघडणार, तोच जाऊबाई म्हणाल्या, “जवळ आलात भाऊजी. खालच्या सुरांत कशी रेंगाळते तिकडे लक्ष द्या. पुन्हा म्हणते.”