व्याज स्वस्त झाले, पण बँक टिकायला नको का?

व्याजदर उतरले की शेतकऱ्याला बरे वाटते, आणि ते साहजिकच आहे. फेब्रुवारी ते जून २०२५ या पाच महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून साडेपाचवर आणला. शहरात घराचे, गाडीचे हप्ते हलके झाले. आपल्या पीक कर्जाची गोष्ट मात्र वेगळी आहे.

केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्क्यांनी मिळते. मुदतीत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. २०२१ पासून ३ लाखांपर्यंत वेळेवर फेडणाऱ्याला हे कर्ज बिनव्याजी पडावे, असे राज्याचे धोरण आहे. चांगलेच आहे. पण शेतकरी भरत नाही ते व्याज कोणीतरी भरतेच ना?

साधा हिशेब मांडू. समजा, बँकेने साडेसहा टक्क्यांनी ठेव घेतली आणि ७ टक्क्यांनी पीक कर्ज दिले. शंभर रुपयांमागे राहिले पन्नास पैसे. केंद्राचा दीड टक्का परतावा आला तर दोन रुपये. त्यातच नोकरांचा पगार, शाखेचा खर्च, गावच्या सोसायटीचा वाटा. परतावा लांबला तर तोवर पन्नास पैशांवर गाडा ओढायचा. आणि शंभरातले दोनच रुपये बुडाले, तरी वर्षाचा सगळा फरक साफ!

कोणी म्हणेल, दर उतरले तर ठेवीही स्वस्त होतील, बँकेचे भलेच होईल. होईल, पण लगेच नाही. जुन्या मुदत ठेवींना मुदत संपेपर्यंत ठरलेलेच व्याज द्यावे लागते. शिवाय एकदा विश्वासाला तडा गेलेल्या बँकेला ठेव टिकवायची तर मोठ्या बँकांपेक्षा चार आणे जास्तच मोजावे लागतात. म्हणजे दर उतरण्याचा फायदा मोठ्या बँकांना आधी, सहकारी बँकेला शेवटी.

नाशिक जिल्हा बँकेचे उदाहरण समोरच आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांमुळे पुढच्या माफीची वाट बघण्याची सवय लागली. थकबाकी साचली. ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठी खेटे घालू लागले. वसुलीला निघाल्यावर आंदोलने झाली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बिनव्याजी कर्जाची योजना कागदावर राहते आणि पेरणीच्या तोंडावर माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो.

थकबाकीदार म्हणून सगळ्यांना एका माळेत ओवणे मात्र अन्याय आहे. लासलगावला कांदा मातीमोल गेला, निफाड-दिंडोरीत गारपिटीने द्राक्षबाग झोपली, तर शेतकरी भरणार कशातून? त्याच्या कर्जाचे पुनर्गठन झालेच पाहिजे. पण ऐपत असून वर्षानुवर्षे न भरणाऱ्या बड्या कर्जदाराला त्याच्या आड लपू देऊ नये. वसुली सुरू व्हावी ती वरून.

सरकारने सवलत जाहीर करावी, तशी तिची रक्कमही वेळेवर पाठवावी. उशीर झाला तर उशिराचे व्याज बँकेला द्यावे. गटसचिवांनी सवलतीच्या याद्या मुदतीत पाठवाव्यात, कारण एका चुकीच्या खाते क्रमांकापायी शेतकऱ्याचा परतावा अडतो. सोसायटीच्या वार्षिक सभेत सभासदांनी चहा-बिस्किटाआधी ताळेबंद मागावा : किती येणे, किती थकले, सरकारकडे किती अडकले?

आणि ज्याला शक्य आहे त्याने मुदत पाळावी. नुसते नवं-जुनं करून कर्ज फिटत नाही. बँक जगली तरच स्वस्त व्याजाला अर्थ आहे.