बंदूक दारात सोडा म्हणता, मग पावती द्या



कोर्टाच्या आवारात हत्यार नको, याबद्दल आपले दुमत असण्याचे कारण नाही. २४ सप्टेंबर २०२१ रोजी दिल्लीच्या रोहिणी न्यायालयात वकिलाचे कपडे घालून आलेल्या दोघांनी भर कोर्टात एका गुंडाला गोळ्या घातल्या. नागपूरच्या न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी जमावाने एका आरोपीला ठार मारले, तेव्हा तर बंदूकही नव्हती. चाकू, दगड आणि तिखटाची पूड एवढ्यावर काम झाले. ज्या जागी माणसे भांडण सोडवायला येतात तिथे हत्यार असता कामा नये. फाटकावर झडती झाली तर आपण हात वर करून उभे राहू. इथपर्यंत आपण सरकारच्या बाजूचे आहोत. भांडण पुढे आहे. कायद्याने दिलेली बंदूक फाटकावर अडवायची असेल तर ती ठेवायची कुठे, हे अडवणाऱ्याने सांगायचे की अडलेल्याने शोधायचे?

शहरातल्या माणसाला हा प्रश्न चमत्कारिक वाटेल. त्याला बंदूक म्हटले की सिनेमा आठवतो किंवा पुढाऱ्याच्या मागेपुढे फिरणारा अंगरक्षक. आपल्याकडची बंदूक वेगळी. ज्वारीचे कणीस चिकात आले की रानडुकरांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातो. रोही कपाशीची हिरवी बोंडे आणि तुरीचे शेंडे खातात. जागल करणारा माणूस डबा बडवतो, फटाके फोडतो, चार दिवसांनी जनावरे त्या आवाजाला सरावतात. म्हणून कुणाच्या तरी घरात आजाच्या वेळची ठासणीची बंदूक असते. ती चोरून ठेवलेली नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच लिहिले आहे की खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यायचा, आणि तेवढ्याने भागत नाही अशी खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. (परवाना बंदुकीचा असतो, डुकराचा नव्हे. रोही-डुक्कर मारायची परवानगी १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली वेगळी घ्यावी लागते. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी आज ठाऊक करून घ्यावे.)

आता ही बंदूक शेतातून जिल्ह्याच्या गावी येतेच कशाला? सरकार बोलावते म्हणून येते. परवान्याचे नूतनीकरण आले, तपासणीला हत्यार दाखवा म्हणाले, दुरुस्तीला बंदूकवाल्याकडे न्यायची झाली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, तेवढाच एक फेरा वाचला. पण शेतकरी जिल्ह्याला जातो तो एका कामासाठी जात नाही. एसटीचे भाडे आणि बुडालेला दिवस, दोन्ही एकदाच खर्च व्हावेत म्हणून तो वाटणीच्या दाव्याची तारीख, बँकेचा कागद आणि बंदुकीची तपासणी एकाच दिवशी उरकतो. सकाळी कचेरीत बंदूक दाखवली आणि अकराला कोर्टात पुकारा आहे. दोन्ही ठिकाणे कधी एकाच रस्त्यावर, कधी एकाच आवारात. फाटकावरचा हवालदार म्हणतो, “हे बाहेर ठेवून या.”

बाहेर म्हणजे कुठे? ज्याच्याकडे मोटार आहे तो डिकीत टाकतो. तेही सुरक्षित नाही, पण निदान कुलूप तरी आहे. एसटीने आलेल्याच्या हातात माणसाच्या छातीइतकी उंच वस्तू, आणि समोर पानाची टपरी, चहाची गाडी, कारकुनाचे टेबल. नाइलाजाने तो टपरीवाल्याला म्हणतो, “भाऊ, जरा बघा हं, पुकारा झाला की येतो.”

इथे कायदा त्याला पकडतो. ज्याला हत्यार बाळगण्याचा अधिकार आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या ताब्यात हत्यार देणे हा शस्त्र कायद्याच्या कलम २९ खाली गुन्हा आहे. ते हत्यार ताब्यात घेणारा टपरीवाला विनापरवाना ठरून कलम ३ मध्ये अडकतो. कलम ३ ला एक सवलत आहे: परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी बंदूक नेऊ शकतो. म्हणजे म्हाताऱ्या बापाची बंदूक मुलगा चिठ्ठी घेऊन तपासणीला नेऊ शकतो, हे चांगलेच आहे. पण कोर्टाचा पुकारा होईपर्यंत सांभाळणे त्या सवलतीत बसत नाही. बंदूक आत नेली तर गुन्हा, बाहेर दिली तर गुन्हा, आणि दोन्ही टाळून बाहेरच उभा राहिला तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो. बंदूक चोरीला गेली तर परवाना जाणार, चौकशी होणार, आणि त्या बंदुकीने उद्या कुठे दरोडा पडला तर पहिले नाव याचे.

पोलीस ठाण्यात जमा करा, असे कुणी सुचवील. शस्त्र कायद्यातले कलम २१ जमा करण्याबद्दल बोलते, पण ते ज्याचा ताबा बेकायदा झाला त्या हत्याराबद्दल. मुदत संपली, परवाना रद्द झाला, तर ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, असे ते सांगते. ज्याचा परवाना जिवंत आहे आणि ज्याला फक्त दोन तासांसाठी हात मोकळे करायचे आहेत, त्याच्यासाठी त्यात ओळ नाही. ठाणेदार भला असेल तर ठेवून घेतो. नसेल तर “इथे काय गोदाम आहे का?”

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. तो देश बंदुकीच्या बाबतीत आपला आदर्श नाही. तिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क, आपल्याकडे ती परवान्याची वस्तू, आणि ते तसेच असावे असे माझे मत आहे. पण तिथेही कोर्टात बंदूक चालत नाही. त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ब्रुएन खटल्यात बंदूक बाळगण्याचा हक्क रुंद केला, तेव्हाही न्यायालयाची इमारत ही संवेदनशील जागा म्हणून बाजूला काढली. पेनसिल्व्हेनियाच्या फौजदारी संहितेच्या कलम ९१३ ने कोर्टात हत्यार नेणे गुन्हा ठरवला आणि त्याच कलमात सरकारवरही बोजा टाकला. प्रत्येक काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, १ जुलै २००२ पर्यंत न्यायालयाच्या इमारतीत किंवा इमारतीपाशी कुलूपबंद कप्पे ठेवायचे. परवानाधारकाकडून त्याचा एक पैसा घ्यायचा नाही. हत्यार ठेवणाऱ्याला पावती द्यायची. आणि बंदी आहे व कप्पे कुठे आहेत याची पाटी प्रत्येक दारावर ठळक लावायची. त्या राज्यात ६७ काउंटी आहेत. त्यातल्या काही आपल्या तालुक्यापेक्षा मोठ्या शहाण्या नसतील, पण लोखंडी कपाट आणि पावतीपुस्तक त्यांनाही जमते.

पावतीचे महत्त्व कापूसवाल्याला शिकवायला नको. १९७२ पासून एकाधिकार खरेदीत ज्यांनी गाड्या रिकाम्या केल्या त्यांना माहीत आहे, काट्याची चिठ्ठी हातात पडल्याशिवाय बैल जुंपायचे नसतात. चिठ्ठी होती म्हणून उशिरा का होईना चुकाऱ्यासाठी भांडता तरी आले. सरकारने वस्तू घ्यायची आणि कागद द्यायचा नाही, हा व्यवहार कापसात चालत नाही तसा बंदुकीतही चालता कामा नये.

असे कप्पे केले तर लोक मुद्दाम बंदुका घेऊन कोर्टात येतील, अशी भीती काही वकील मंडळी घालतात. सायकल स्टँड केल्यामुळे कुणी सायकल विकत घेत नाही. उलट आज त्या आवाराभोवती किती हत्यारे कुणाच्या टेबलाखाली आहेत याची नोंद कुणाकडेच नाही. कप्पा झाला की रोजची नोंद होईल, आणि ती पोलिसांच्याच कामाची आहे.

याच रोगाचे मोठे रूप निवडणुकीत दिसते. आचारसंहिता लागली की गावोगाव निरोप जातो, बंदुका जमा करा. कुणाचे हत्यार जमा करायचे हे जिल्ह्याच्या छाननी समितीने माणसागणिक ठरवायचे असते. सरसकट सर्वांचे जमा करता येत नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये पुन्हा एकदा बजावले. आता विधानसभेच्या तारखा पाहा: १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. खरीप ज्वारी पक्व होण्याचा, कपाशीच्या वेचणीचा आणि तूर फुलोऱ्यात येण्याचा हा काळ. बंदुकीचे काम ज्या दीड महिन्यात असते नेमका तोच दीड महिना ती ठाण्याच्या खोलीत पडून असते. ओलीत पडून नळीला गंज चढतो तो वेगळा. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही त्या शेतकऱ्याने लेखी हुकूम मागावा, कारण विचारावे, पावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि तिची स्थिती लिहून घ्यावी.

आपल्या बाजूनेही शिस्त हवी. जत्रा, मिरवणूक, सभा अशा जमावात बंदूक न्यायची नाही ही परवान्याचीच शर्त आहे. जिल्हा मेळावा आणि रास्ता रोको त्यातच मोडतात. शर्त मोडली की कलम ३० खाली गुन्हा आणि कलम १७ खाली परवाना निलंबित, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात कापसाच्या भावाऐवजी आपली बंदूक. परवान्यावर लिहिलेले क्षेत्र वाचा. गावाबाहेर न्यायची असेल तर रिकामी न्या, दारू आणि टोप्या घरी ठेवा, मूळ परवाना खिशात असू द्या. आणि शक्य असेल तर तारखेच्या दिवशी बंदूक आणूच नका, दोन फेरे पडले तरी पडू द्या.

येत्या महिन्यात प्रत्येक तालुक्यातून प्रधान जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांना एकाच मजकुराचा अर्ज जावा. मागण्या थोड्या आहेत: फाटकाशी पोलिसांच्या देखरेखीखाली कुलूपबंद कपाट, परवाना क्रमांकासह फुकट पावती, सायंकाळी फाटक बंद होईपर्यंत परत देण्याची हमी, आणि मराठीतली पाटी. ज्या न्यायालयात अशी सोय आधीच असेल तिथल्या कार्यकर्त्यांनी तिची पद्धत लिहून आणावी, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात दाखवता येईल. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. नमुना तालुका प्रमुखांकडे मिळेल.