एक सापडलं… आणि बाकीचं?

डेस्कच्या ड्रॉवरमध्ये स्टेपलर, चार्जर आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. तुमच्याकडेही आहे, नाही म्हणू नका! गोळ्यांशी माझं वैर नाही. पण त्यांनी जळजळ थांबते, तसा कधीकधी जठरातला कॅन्सरचा व्रणही तात्पुरता भरल्यासारखा दिसतो. हे मला मामाच्या आजारपणात कळलं.

मामाच्या एण्डोस्कोपीत जठराच्या खालच्या भागात छोटा कॅन्सर निघाला. मामी म्हणाली, "आता आणखी तपासण्या नकोत, ऑपरेशन उरका." डॉक्टरांनी मात्र सगळं जठर कोपरान् कोपरा बघितलं होतं. वरच्या बाजूला गोटीएवढी वेगळीच गाठ होती. शिवाय अस्तरात 'इंटेस्टायनल मेटाप्लाझिया'. मामेभाऊ वैतागला, "अरे, दोन पेशंटचे कागद एकत्र स्टेपल झालेत का?"

नव्हते झाले. मेटाप्लाझिया म्हणजे जठराचं अस्तर आतड्यासारखं व्हायला लागणं. त्यामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. (बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं 1984 मध्ये तो चक्क पिऊन दाखवला; 2005 मध्ये रॉबिन वॉरन यांच्यासोबत नोबेल!) हा जंतू वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. आधी सूज, मग अस्तराची झीज, मग मेटाप्लाझिया, डिस्प्लाझिया आणि शेवटी कॅन्सर. बहुतेकांची गाडी मधल्याच कुठल्यातरी स्टेशनवर थांबते. पण झळ सगळ्या अस्तराला लागलेली असते, त्यामुळे एकाच जठरात दोन जागी कॅन्सर उगवू शकतो.

मामाची दुसरी गाठ मात्र या खानदानातलीच नव्हती. ती 'जिस्ट'. ही अस्तरात नाही, जठराच्या भिंतीत वाढते. बायोप्सीचा चिमटा वरवरचं अस्तर तेवढं उचलतो, आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो! म्हणून एण्डोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईनं तुकडा काढला आणि सीडी 117 ची चाचणी केली. कॅन्सरचा पसरलेला भाग समजून बसले असते, तर मामाची स्टेजच बदलली असती आणि कदाचित ऑपरेशनही नाकारलं गेलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही गाठी एकाच ऑपरेशनमध्ये निघाल्या.

एक सापडलं की नजर सैलावते, हा माणसाचा स्वभाव. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या जगात तर याला नावच आहे, 'सॅटिस्फॅक्शन ऑफ सर्च'. त्यावर उतारा म्हणजे शिस्त. अस्तराची तब्येत बघायची तर सिडनी पद्धतीनं ठरलेल्या जागांवरून पाच तुकडे घेतात आणि कुठला कुठून घेतला ते लिहून ठेवतात. संशयास्पद जागेचे वेगळे.

वजन आपोआप उतरतंय, शी डांबरासारखी काळी होतेय, घास अडकतोय, हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरलंय? मग केमिस्टकडे नाही, डॉक्टरकडे जा. आणि घरातल्या कुणाचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला तर निदानाच्या ओळीवर थांबू नका. तुकडे किती आणि कुठून घेतले, तेही वाचा. लिहिलं नसेल तर सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.